पैसे मोजून हाडं खिळखिळी का करून घ्यायची?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. येत्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या कुठल्याशा दगडी रस्त्यांवरून दीडशे किलोमीटर सायकल चालवणार आहे म्हणे. वर त्यासाठी पैसेही भरून बसलाय. फोनवर त्याने रस्त्याचा व्हिडिओ दाखवला, तर आमच्या जुन्या वाड्याचं अंगण त्याहून बरं होतं म्हणायची वेळ आली. एवढा पुढारलेला देश, मग त्या रस्त्यावर डांबर का घालत नाहीत? या वेडाला काही अर्थ आहे का? आणि तो जाणारच असेल, तर त्याने तयारी काय करावी?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, चिरंजीवांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितलेली दिसते. मुलं आईला असल्या गोष्टी अर्ध्याच सांगतात. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेला लागून रूबे नावाचं गाव आहे. एकेकाळचं कापडगिरण्यांचं. या गावात संपणारी पॅरिस–रूबे ही सायकल शर्यत १८९६ साली सुरू झाली. दोन महायुद्धं आणि २०२० मधला कोविड एवढेच काय ते तिच्यातले खंड. नाव पॅरिसचं असलं तरी १९७७ पासून ती पॅरिसच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर असलेल्या कॉम्पिएन्यमधून निघते. एकूण अंतर २६० किलोमीटरच्या घरात, आणि त्यात साधारण पंचावन्न किलोमीटर दगडी रस्ता. हा दगडी रस्ता सलग नाही. शेतांमधून, गावांच्या कडेकडेने जाणारे त्याचे तीसेक तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, तोही उलटा. म्हणजे पहिला भेटणारा तुकडा तिसाच्या आसपासचा आणि रूबेच्या दारातला शेवटचा एक नंबरचा. शिवाय किती वाईट त्याप्रमाणे एक ते पाच तारे. आपल्याकडे हॉटेलला जास्त तारे मिळाले की माणूस खूश होतो. इथे पाच तारे दिसले की माणूस हँडल सावरतो.

ही झाली व्यावसायिकांची, रविवारची गोष्ट. तुमचा मुलगा उतरतोय तो आदल्या दिवशीच्या, शनिवारच्या हौशी लोकांच्या फेरीत. अलीकडच्या वर्षांत तिची ७०, १४५ आणि १७० किलोमीटर अशी तीन अंतरं असतात. १७० वाल्यांना पहाटे बसने ब्युसिनी या गावी नेतात आणि तिथून ते सायकलने रूबेला परत येतात. चिरंजीव ‘दीडशे’ म्हणतात ते १४५ असणार. ते रूबेतच सुरू होतं आणि रूबेतच संपतं. ही शर्यत नव्हे. रस्ते वाहतुकीसाठी बंद नसतात, कुणाला मागे टाकल्याचं बक्षीस नसतं आणि वाटेत खाण्यापिण्याचे थांबे असतात. एवढं वाचून तुमचा जीव निम्मा तरी भांड्यात पडावा.

आता डांबराचं. डांबर घातलं होतं, ताई. भरपूर घातलं होतं.

१८९६ मध्ये हे दगड म्हणजे काही अग्निपरीक्षा नव्हती. त्या भागातले रस्ते असेच असायचे. थेओदोर व्हिएन आणि मोरीस पेरेझ हे रूबेतले दोन गिरणीमालक. त्यांनी गावात सायकल शर्यतींची गोल धावपट्टी बांधली होती, आणि तिचा गाजावाजा व्हावा म्हणून पॅरिसहून तिथवर शर्यत घ्यायची टूम त्यांनी काढली. मार्ग पाहून यायला एका क्रीडापत्राने आपला व्हिक्टर ब्रेये हा माणूस पाठवला. तो आमिएंपर्यंत मोटारीने गेला आणि पुढे सायकलने. दिवसभर पाऊस. संध्याकाळी रूबेला पोहोचला तेव्हा चिखलाने माखलेला आणि पार गळालेला होता. ‘हे भलतंच धोक्याचं आहे, रद्द करा’ अशी तार करायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं, असं सांगतात. मग गरम जेवण झालं, थोडी पोटात गेली, चार माणसं गप्पांना बसली, आणि तार राहिली. सव्वाशेहून जास्त वर्षांचा हा उद्योग एका चांगल्या जेवणामुळे उभा आहे म्हणायला हरकत नाही. पहिल्या वर्षी योझेफ फिशर नावाचा जर्मन जिंकला.

‘उत्तरेचा नरक’ हे या शर्यतीचं टोपणनाव तुमच्या मुलाच्या तोंडी नक्की असणार. ते दगडांमुळे पडलं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये शर्यत पुन्हा घेता येईल का, हे पाहायला संयोजक आणि पत्रकार त्या भागात गेले. गावं जमीनदोस्त झालेली, झाडांचे जळके बुंधे, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे, कुजलेल्या जनावरांचा वास. नरक म्हटलं गेलं ते त्या युद्धभूमीला. नाव पुढे दगडांना चिकटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने रस्ते झपाट्याने डांबरी केले. पुढे शर्यत दूरचित्रवाणीवर दिसू लागली, तशी गावोगावच्या महापौरांना दगडांची लाज वाटायला लागली. साऱ्या देशाने आपलं गाव पाहायचं ते चिखलात आणि दगडांत, म्हणजे आपण मागासलेले ठरणार. म्हणून त्यांनी आणखी घाईने डांबर ओतलं. १९६५ पर्यंत शर्यतीच्या वाट्याला जेमतेम २२ किलोमीटर दगड उरले होते. संयोजकांना घाम फुटला. दगडच नसतील तर ही शर्यत इतर शर्यतींसारखीच एक होणार. मग शर्यतीचे संचालक झाक गोदे यांनी आल्बेर बूवे या आपल्या माणसाला उरलेसुरले दगड शोधायला पाठवलं आणि बूवेने मदतीला घेतलं झाँ स्ताब्लिन्स्कीला.

हा स्ताब्लिन्स्की मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा माणूस वाटतो. पोलंडहून आलेल्या स्थलांतरितांचा हा मुलगा लहान वयात कोळशाच्या खाणीत कामाला लागला, सायकलवर बसून बाहेर पडला आणि १९६२ मध्ये जगज्जेता झाला. त्याने दाखवलेला रस्ता वालेर-अरेनबर्गच्या जंगलातून जातो आणि त्या रस्त्याच्या पोटाखालीच तो कधीकाळी कोळसा काढत असे. १९६८ साली अरेनबर्ग शर्यतीत आला. त्या वर्षी जिंकला एडी मर्क्स. आज त्या रस्त्याच्या तोंडाशी स्ताब्लिन्स्कीचा स्मृतिस्तंभ आहे. खाण १९८९ मध्ये बंद झाली. २००५ साली खालची जमीन खचून रस्ता इतका बिघडला, की ते एक वर्ष शर्यत तिथून नेताच आली नाही. २०१२ पासून हा सगळा खाणपट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पुढे वारं फिरलं. दगड वाचवायला लोकांनी संस्था काढली. ती आजही चालू आहे. तिचे कार्यकर्ते हिवाळ्यात आणि वसंतात जाऊन निखळलेले दगड काढतात, खालची वाळू नीट करतात आणि दगड पुन्हा ठोकून बसवतात. बागकाम शिकवणाऱ्या शाळांतली मुलंही या कामाला येतात. अरेनबर्गच्या दगडांच्या फटींत वाढलेलं गवत खायला अलीकडे शेळ्या सोडल्या जातात. बेसुमार प्रेमाचा उपद्रवही होतो म्हणा. आठवण म्हणून दगडच उपटून नेणारे महाभाग आहेतच. ज्या दगडांची गावाला लाज वाटत होती, त्यांवर डांबर पडू नये म्हणून आता तीच गावं जपतात. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे.

पण तयारीसाठी हा इतिहास कामाचा नाही. कामाचा आहे दगड. ‘दगडी रस्ता’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घाटावरची नाहीतर देवळाच्या आवारातली घडीव फरसबंदी येते. ती विसरा. अरेनबर्गचा रस्ता दोन किलोमीटरांहून थोडा जास्त, रेघ मारल्यासारखा सरळ, दोन्ही बाजूंना झाडी. प्रत्येक दगड वरून गोलसर झिजलेला, शेजाऱ्यापेक्षा बोटभर वर नाहीतर बोटभर खाली. दोन दगडांच्या मधली फट कधी मातीने भरलेली, कधी नुसतीच उघडी आणि अरुंद टायर आत शिरेल एवढी. झाडांच्या सावलीमुळे ओल लवकर जात नाही, दगडांवर शेवाळ धरतं. सुरुवातीला किंचित उतार असल्यामुळे व्यावसायिक इथे ताशी साठच्या वेगाने शिरायचे. २०२४ मध्ये तो वेग मोडायला संयोजकांनी तोंडाशीच आडवळण घातलं. १९९८ साली याच ठिकाणी बेल्जियमचा योहान म्युझेउ पडला आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला. जखम इतकी चिघळली की पाय कापायची वेळ आली होती. दोन वर्षांनी तो रूबेत पहिला आला आणि शेवटची रेषा ओलांडताना तो पाय वर उचलून बोटाने गुडघा दाखवत गेला.

हे वाचून घाबरू नका. हौशी माणूस साठच्या वेगाने शिरत नाही. पण इतर रस्ते वेगळे आहेत असंही नाही. पाच ताऱ्यांचे आणखी दोन तुकडे आहेत, मों-आं-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र. शेतातून जाणारे हे रस्ते मुळात बीट वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग उंच राहतो. चालवायचं ते या उंच भागावरून. कडेची मातीची पट्टी सपाट दिसते, मोह पडतो. पण तिथेच टोकदार खडे आणि काचा जमतात, आणि तिथून पुन्हा दगडांवर चढताना चाक कडेला घासलं की माणूस आडवा. पाऊस असेल तर त्या पट्टीवर चिखल असतो. पाऊस नसेल तर पुढच्याच्या चाकाची धूळ आपल्या डोळ्यांत, म्हणून साध्या काचेचा तरी चष्मा हवा.

आता चालवायचं कसं. इथे शहाण्या माणसाची बुद्धी जे जे सुचवते ते बहुतेक चुकीचं असतं. बुद्धी म्हणते, हळू जा. हळू गेलं की चाक प्रत्येक फटीत उतरतं आणि प्रत्येक दगडावर चढतं. तेच वेग धरला की चाकाला फटीत उतरायला वेळच मिळत नाही, ते बरंचसं माथ्यांवरूनच जातं. दगड पंधरा-वीस सेंटिमीटरचा धरला, तर ताशी तीसच्या वेगाला सेकंदाला चाळीस-पन्नास ठोके बसतात. हे अंगातून जाऊ द्यायचे, झेलायचे नाहीत. बुद्धी म्हणते, हँडल गच्च धर. गच्च धरलं की प्रत्येक ठोका मनगटातून खांद्यात जातो आणि दहा मिनिटांत बोटं मिटेनाशी होतात. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर सैल ठेवायचे, कोपरं वाकलेली, अंगठा मात्र खालून अडकवलेला, नाहीतर एखाद्या दणक्याला हात सुटून जाईल. पुढचं चाक थोडं डावी-उजवीकडे नाचतं. नाचू द्यावं. प्रत्येक वेळी दुरुस्त करायला गेलं की पडणं ठरलेलं.

गिअर नेहमीपेक्षा एक-दोन दात जड ठेवायचा. पायडल जोरात दाबत राहिलं की अंगाचा भार सीटवरून पायांवर येतो. सीटवर पोतं टाकल्यासारखं बसलेल्या माणसाचे हाल होतात. उभंही राहायचं नाही. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ओल्या दगडावर चाक नुसतं फिरतं. सीटला जेमतेम टेकून राहायचं. नजर पुढच्या चाकाजवळ नको, दहा-पंधरा मीटर पुढे हवी. ब्रेक दगड लागायच्या आधीच. दगडांवर ब्रेक मारायचा प्रसंग आलाच तर सरळ रेषेत आणि हलक्या हाताने.

तुकडा सुरू होण्याआधी जागा मिळवावी, म्हणजे समोर कुणाचं धूड नसावं. पुढचा सायकलवाला दणक्याने अचानक थांबला तर वळायला वाव असायला हवा. हौशींच्या फेरीत पडापडी होते ती बहुतेक याच कारणाने. आणि कुणाच्या बाटल्या उसळून पडल्या असतील, तर त्यांच्यावरून चाक जाऊ नये. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला बाटल्यांचा खच पडलेला असतो.

सायकलीचं म्हणाल तर पहिली गोष्ट हवा. साध्या रस्त्यावर पंचवीस मिलिमीटरच्या टायरमध्ये नव्वद-शंभर पौंड हवा मारून फिरणारे लोक इथे तशीच सायकल आणतात आणि पहिल्या तुकड्यालाच पस्तावतात. टणक टायर दगडावर आपटून उडतो, आणि प्रत्येक उडीला माणूस व सायकल मिळून ऐंशी किलो वजन वर उचललं जातं. ती ताकद तुमच्या पायांतूनच जाते. मऊ टायर दगड पोटात घेतो आणि पुढे जातो. म्हणून टायर तीस-बत्तीस मिलिमीटरचा, सायकलीच्या चौकटीत बसत असेल तर त्याहूनही रुंद. ट्यूबलेस असेल आणि माणूस सत्तर किलोचा असेल, तर पन्नास पौंडांच्या आसपास हवेने सुरुवात करावी आणि आदल्या दिवशी एखाद्या तुकड्यावर जाऊन दोन-चार पौंड कमी-जास्त करून पाहावं. आत ट्यूब असेल तर इतकं खाली जाऊ नये. दगड आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हे पंक्चर जोडायला कंटाळा येतो, कारण एक भोक सापडल्यावर दुसरं विसरायला होतं.

दुसरी गोष्ट नट-बोल्ट. सगळे. सीटचा, हँडलचा, बाटल्यांच्या पिंजऱ्यांचा. पिंजऱ्याच्या आत जुन्या ट्यूबचा तुकडा नाहीतर चिकटपट्टी लावली की बाटली घट्ट राहते. सीटखालची पिशवी पट्ट्याने आवळून बांधावी, हँडलवर टेपचे दोन थर द्यावेत. हजारो युरोंची नवी सायकल घ्यायची गरज नाही, हे मुलाला ठासून सांगा. जिल्बेर द्युक्लो-लासाल या फ्रेंच गड्याने १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षं पुढच्या चाकाला धक्के झेलणारा काटा लावून ही शर्यत जिंकली, दुसऱ्यांदा अवघ्या आठ सेंटिमीटरने आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी. मग सगळे त्या काट्यामागे धावले, आणि काही वर्षांत तो शर्यतीतून गेलाही. आज बहुतेक काम रुंद टायर आणि कमी हवाच करते.

शरीराची तयारी लोकांना वाटते तेवढी पायांची नसते. मार्ग जवळजवळ सपाट आहे, घाट नाही. दीडशे किलोमीटर आरामात चालवणाऱ्याचे पाय पुरतात. पुरत नाहीत ते हात, कंबर आणि मान. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा पोट-पाठीचे व्यायाम, लटकणं, जोर असले साधे व्यायाम आत्तापासून करावेत. नेदरलँड्सच्या हिवाळ्यात बाहेर पडवत नसेल तर घरातला ट्रेनरही चालतो. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचा हात २०१६ मध्ये शर्यतीच्या सहा आठवडे आधी मोडला होता. त्याने घरातल्या ट्रेनरवर सराव केला आणि सदतिसाव्या वर्षी तो रूबेत पहिला आला, तेही पाचवा विजय मिळवायला निघालेल्या टॉम बूनेनला हरवून. मात्र दगडांची सवय ट्रेनरवर होत नाही. आइंडहोवनहून बेल्जियमचा फ्लँडर्स भाग फार लांब नाही. औदे क्वारेमोन्त आणि पाटरबर्ग हे तिथले दगडी चढ आहेत. तिथले दगड रूबेच्या मानाने सभ्य आहेत, पण सैल हाताची सवय लावायला छान. एकदा जाऊन यावं.

हातांचं वेगळं सांगतो, कारण त्रास तिथेच होतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं हे तळहातातली नस दबल्याचं लक्षण. दिवसभर चालवल्यावर थोडं होतंच, पण दोन-चार दिवसांनंतरही मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरकडे जावं. हातमोजे घालावेत की नाही यावर दोन तट आहेत. २०२१ मध्ये पहिल्यांदाच झालेली स्त्रियांची पॅरिस–रूबे इंग्लंडच्या लिझी डीगननने जिंकली. पावसात आणि चिखलात, शेवटचे ८२ किलोमीटर एकटीने. हातमोजे घातले नव्हते आणि शर्यत संपली तेव्हा तिच्या हँडलच्या टेपवर रक्त होतं. मी हौशी माणसाला हातमोजे घाल म्हणेन, फार जाड गादीचे नकोत, आणि नवे कोरे तर नकोतच.

खाण्याचं सोपं आहे. दगडांवर खाता येत नाही, पाणीसुद्धा पिता येत नाही. म्हणून डांबरी भाग लागला की लगेच खायचं, भूक असो-नसो. पुढचा तुकडा किती किलोमीटरवर आहे, याची यादी बरेच जण हँडलवर चिकटवतात. तीही आणखी चिकटपट्टी मारून, नाहीतर उडते. आणि एखादा तुकडा जमत नसेल तर उतरून कडेने चालावं. त्यात लाज नाही. अरेनबर्गमध्ये तर कितीतरी जण बाजूच्या पायवाटेवर उतरतात.

राहता राहिला तुमचा मधला प्रश्न, अर्थ आहे का. मला विचाराल तर आहे. आपण कितीही क्रिकेट खेळलो तरी वानखेडेवर खऱ्या खेळपट्टीवर उतरायला मिळत नाही. इथे आदल्या दिवशी तोच रस्ता, तेच दगड आणि शेवटी रूबेची तीच गोल काँक्रीटची धावपट्टी सामान्य माणसाला मिळते. शेजारच्या न्हाणीघरात कमरेएवढ्या भिंतींचे काँक्रीटचे खण आहेत, साखळी ओढली की पाणी येतं आणि प्रत्येक खणावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पाटी आहे. पैसे हाडांसाठी भरलेले नाहीत, या सगळ्यात एक दिवस वावरायला मिळावं म्हणून भरलेत. मुलाचं वय आणि तब्येत ठीक असेल तर जाऊ द्या. दगडांचा हा त्याचा पहिलाच अनुभव असेल आणि लांब अंतराची सवय नसेल, तर मात्र ७० किलोमीटरचं अंतर घे म्हणावं. सगळे नामांकित तुकडे नसले तरी कारफूर द लार्ब्र त्यात असतोच, आणि धावपट्टीही तीच.

याच विषयावर आलेल्या आणखी दोन पत्रांची उत्तरं थोडक्यात देतो.

प्रश्न : आम्ही पुण्यातले बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या करणारे. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या फेऱ्या झाल्यात. दगडांचा सराव इकडे करता येईल का?

उत्तर : अगदी तसे दगड नाहीत, पण हात सैल सोडायची सवय इकडेही लागते. धरणांच्या कडेचे मुरमाचे रस्ते, कोकणातले जांभ्याचे कच्चे रस्ते, उखडलेले पेव्हर ब्लॉक. सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक पुरत नाहीत, ते फार सपाट. गडावर जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटांवर सायकल नेऊन प्रयोग करू नका. सायकलचं नुकसान होतं ते होतंच, वाटेचंही होतं. बीआरएमवाल्यांना एक जास्तीची सूचना : तुमची सवय एका लयीत तासन्‌तास चालवायची. इथे दोन-तीन किलोमीटर जिवाच्या आकांताने, मग थोडी उसंत, मग पुन्हा तेच असं असतं. सरावात अधूनमधून पाच-सात मिनिटांचे जोरदार टप्पे घाला.

प्रश्न : माझी लेक ब्रसेल्सला असते. सायकल नाही, नुसती रविवारची शर्यत बघायची आहे. तिकीट कुठे मिळतं आणि कुठे उभं राहावं?

उत्तर : रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट लागत नाही. अरेनबर्गला गर्दी फार, सकाळी लवकर गेलात तरच काही दिसेल. कारफूर द लार्ब्र रूबेपासून जवळ, उघड्या शेतात आहे आणि शर्यतीचा निकाल बऱ्याचदा इथेच ठरतो, म्हणून मी तिकडे जा म्हणेन. गाडी लांब लावून बरंच चालावं लागतं, पायात जुने बूट असू द्या. पाऊस नसेल तर तोंडाला रुमाल हवाच. पहिले शर्यतपटू तुमच्यासमोरून काही सेकंदांत निघून जातात आणि शेवटचे अर्ध्या तासाने येतात. जमलं तर शनिवारीही जा. हौशी मंडळी दिवसभर येत असतात, टाळ्या वाजवायला त्या दिवशी फार माणसं नसतात, आणि टाळ्यांची खरी गरज त्यांनाच असते.